टाचेला हात लाव, मग घर बोलाव

चि. डॉक्टर,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. 36 वर्षांचा तरुण, अ‍ॅटॅक येऊन गेलेला. दोन्ही टाचांच्या वरच्या शिरेवर, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या टेंडनवर, टणक गाठी, हाताच्या बोटांच्या मुळाशीही तशाच. वडील 43व्या वर्षी ‘गॅस चढून’ गेलेले. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, 171. तुझे वरिष्ठ म्हणाले, गाठी चपला घासून आल्यात, 171 म्हणजे काही फार नाही, पुढचा पेशंट घे. तू घेतलास, आणि रात्री झोप लागली नाही.

झोप लागली नाही हे बरं झालं. आता कामाचं बोलू. मला हा फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमिया वाटतो, घराण्यातून येणारा, जन्मापासून कोलेस्टेरॉल चढं ठेवणारा आजार.

ते रक्त पाचव्या दिवशी काढलेलं, असं तूच लिहिलं आहेस. तोवर स्टॅटिनचे, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळीचे, चार डोस त्याच्या पोटात गेलेले. अ‍ॅटॅकनंतर दिवसभरातच एलडीएल आपोआप उतरायला लागतो, त्यावर औषधाचा परिणाम वेगळा. मग हा आकडा त्याचा नेहमीचा कसा धरतेस? गाठ पाच दिवसांत येत नाही. ती वर्षानुवर्षं साठत आलेली असते. त्याचे जुने रिपोर्ट शोधायला सांग, एखाद्या विम्याच्या तपासणीचा तरी निघेल. आणि त्याला मूठ उघडायला-मिटायला लाव. झँथोमा, म्हणजे कोलेस्टेरॉल साठून झालेली गाठ, शिरेबरोबर सरकते. चपलेचा घट्टा कातडीत असतो, तो सरकत नाही. एवढं पाहायला कुठलं मशीन लागत नाही.

हे मी इतकं ठासून का सांगतो, ते तुला कधी सांगितलं नव्हतं.

1989 साली माझ्याकडे एक पैलवान यायचा. वय 34. तालमीत घुमलेलं अंग. टाचेच्या गाठीमुळे बूट बसत नाही म्हणून आला होता. मी गाठ बघितली, हसलो, म्हणालो, लाल मातीत इतकी वर्षं घासलास, गाठ येणारच. पापणीच्या कोपऱ्यात पिवळे चट्टे होते, तेही दिसले होते मला. बुबुळाभोवती पांढरट कडा होती. म्हाताऱ्यांत ती असतेच, पण चौतिसाव्या वर्षी? एकाच माणसाच्या अंगावर तीन खुणा, आणि मी त्याला दुखण्याची गोळी आणि मऊ चप्पल लिहून दिली. आठ महिन्यांनी उसाला पाणी पाजताना तो बांधावर बसला तो उठलाच नाही. गाव म्हणालं, खुराक सोडला म्हणून गेला. कुणी म्हणालं, तूप फार खाल्लं म्हणून.

तेव्हा माझ्याकडे होतं तरी काय, असं मी स्वतःला कितीतरी वर्षं सांगत आलो. तालुक्यात एलडीएल करून देणारी लॅब नव्हती. स्टॅटिन अमेरिकेत 1987 साली मंजूर झालं, पण माझ्या गावच्या दुकानात ते यायला अजून बराच अवकाश होता. हे सगळं खरं आहे, आजही मी ते खोडून काढणार नाही. माझ्या जागी दुसरा कुणी असता तरी त्यानंही चप्पलच लिहून दिली असती. पण ब्राउन आणि गोल्डस्टीन या अमेरिकी संशोधकांना नोबेल मिळालं ते 1985 साली, याच आजारावरच्या कामासाठी. यकृताच्या पेशींवरचे रिसेप्टर रक्तातला एलडीएल ओढून घेतात, आणि या घराण्यांत ते निम्मेच काम करतात, हे मी वाचलेलं होतं. गोळी नव्हती, मान्य. हात तर होता ना?

आणि मला खरं छळतं ते हे नाही. मी त्याच्या तेराव्याला गेलो होतो. अंगणात त्याचा सात वर्षांचा मुलगा अनवाणी फिरत होता. मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. टाचेला लावला नाही, आणि पुढची पंचवीस वर्षं त्या घराला एकदाही बोलावलं नाही. 2014 साली तोच मुलगा, 32 वर्षांचा, छातीत कळ घेऊन माझ्या दवाखान्यात आला. तीच गाठ, तीच जागा. मिरजेला पाठवला, वाचला. त्या दिवसापासून मी एकच गोष्ट धरून बसलो आहे, आणि लोक मला हेकट म्हणतात ते याचमुळे: या आजारात पेशंट एकटा नसतो. घर बोलाव.

तू लिहितेस, ‘सर, बाकीचे माझे पेशंट नाहीत, मी त्यांना कशी बोलावू?’ या वाक्याचा मला राग आला, स्पष्टच सांगतो. आई-वडिलांपैकी एकाकडून हा दोष आला तर प्रत्येक भावंडाला तो असण्याची शक्यता निम्मी आहे. त्याच्या प्रत्येक लेकरालाही तेवढीच. दर अडीचशे माणसांत साधारण एकाला हा असतो. उपचार नसतील तर यातल्या निम्म्या पुरुषांना पन्नाशीच्या आत हृदयाचा त्रास गाठतो. मग तुझा पेशंट कोण, खाटेवर झोपलेला एकटाच?

घराला तू परस्पर बोलावू नकोस, त्याच्या तोंडून बोलाव. त्याला नीट समजाव, कागदावर घराण्याची वंशावळ काढ आणि म्हण, यातल्या प्रत्येकाला तू घेऊन ये. अ‍ॅटॅकमधून उठलेला माणूस हे ऐकतो.

आता त्याच्या बहिणीचं लग्न. आत्याच्या मुलाशी ठरतंय, हे तू पत्राच्या शेवटी, घाबरत लिहिलं आहेस. खरं तर पत्राची सुरुवात तिथून व्हायला हवी होती. आपल्याकडे ही सोयरीक जुनी आहे, तिला नावं ठेवायला जाऊ नकोस. पण दोष वडिलांकडून आलेला दिसतो, आणि आत्या म्हणजे वडिलांचीच बहीण. मामाच्या घरातलं स्थळ असतं तर मी एवढा अस्वस्थ झालो नसतो. इथे मुलगा आणि मुलगी दोघांतही तोच दोष असू शकतो. तसं निघालं तर त्यांच्या प्रत्येक मुलाला चारात एक शक्यता दोन्हीकडून घेण्याची. अशा मुलाच्या अंगावर लहानपणीच पिवळ्या गाठी येतात, गुडघ्यांवर, कोपरांवर, बोटांच्या बेचक्यांत. एलडीएल पाचशेच्या वर जातो आणि हृदय विशीच्या आत दगा देऊ शकतं.

लग्न करा की मोडा, हे सांगणं तुझं काम नाही. दोघांचं रक्त तपासणं तुझं काम आहे. उपाशीपोटीच हवं असा हट्ट धरू नकोस, नाहीतर ते येणारच नाहीत. प्रौढाचा एलडीएल 190च्या वर गेला की सावध हो. अशा घरातल्या लहान मुलाचा 160च्या वर गेला तरी. थायरॉइड आणि लघवीतलं प्रोटीन तपासायला विसरू नकोस, त्यांच्यामुळेही आकडा चढतो. बहिणीचा जास्त निघाला आणि गोळी सुरू झाली, तर दिवस राहण्याचा विचार करण्याआधी सांगायला ये, हे तिला पहिल्याच दिवशी बजाव.

आणि एक. कुणाच्या टाचेवर काही नाही, पापणी स्वच्छ आहे, म्हणून त्याला सोडू नकोस. दोष असलेल्या कितीतरी जणांच्या अंगावर एकही खूण नसते. उलट पापणीवर पिवळे चट्टे असलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांचं कोलेस्टेरॉल साधारण असतं. गाठ दिसली की घर बोलाव. घर आलं की गाठ असो-नसो, रक्त काढ.

पैलवानाच्या नातीचा एलडीएल 2022 साली 238 निघाला, नऊ वर्षांची होती. अंगावर काहीच नव्हतं. डोळे, टाच, सगळं स्वच्छ. गोळी सुरू केली. तिच्या आईनं विचारलं, एवढ्याशा पोरीला रोज गोळी? मी तिला तिच्या सासऱ्याबद्दल सांगितलं, मऊ चपलेसकट.

वरिष्ठांशी वाद घालत बसू नकोस. केसपेपरवर स्वच्छ अक्षरात लिही: दोन्ही टाचांवर टेंडन झँथोमा, वडिलांचा अकाली मृत्यू, कुटुंबाची तपासणी आवश्यक. लिहिलेलं कुणी पुसत नाही.

रविवारी त्यांच्या घरी जायचं म्हणतेस ना? आत्यालाही बोलावून घे, आधी तिची टाच बघ. आकडे आले की कळव, रात्र झाली असली तरी.

तुझा
सर