हँडल चार इंच उंच? आधी मॉपचा दांडा घ्या

प्रश्न : वय ४८, उंची पाच फूट अकरा. अंबड एमआयडीसीत नोकरी. गेल्या वर्षी ४०० सीसीची टूरिंग गाडी घेतली. मुंबईकडे निघालो की इगतपुरीपर्यंत मजेत जातो. कसारा घाट उतरून शहापूर येईतो हातांना मुंग्या आणि मानेत कळ. हँडल चार इंच उंच करून घ्यावं म्हणतोय. दुकानदार म्हणतो, अर्ध्या तासात बसवून देतो. बसवू का?
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : अर्ध्या तासात बसतं, खरंय. पण नुसतं हँडलच बसतं. त्याला लोंबणाऱ्या केबली, ब्रेकचा पाइप आणि स्विचच्या वायरी काही तेवढ्यात लांब होत नाहीत.

माझ्या पहिल्या गाडीला मी असंच उंच हँडल लावलं, केबली जुन्याच ठेवल्या. पंचवटीत चक्कर मारली, झकास. रविवारी मंडळींना मागे बसवून सप्तशृंग गडाकडे निघालो. नांदुरीच्या घाटात पुढे एसटी अडकलेली, म्हणून अगदी हळू. डाव्या वळणावर हँडल पूर्ण वळवलं आणि मूठ न पिळताच रेस वाढली. केबल ताणली गेली होती. गाडी कठड्याकडे हातभर सरकली. मागून जो आवाज आला तो इंजिनाचा नव्हता.

तुमच्याकडे वळू. आधी सांगा, मुंग्या कुठल्या बोटांना येतात? करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाला येत असतील तर अंगाचा भार तळव्यावर पडतोय. अंगठा आणि पहिली दोन बोटं बधिर होत असतील तर मनगट वाकलेलं राहतंय. तिथे उंचीआधी क्लच-ब्रेकचे लिव्हर फिरवून बघा. बोटं लिव्हरवर ठेवल्यावर कोपरापासून बोटांपर्यंत सरळ रेघ यायला हवी. याला फक्त पाना लागतो, पैसे नाहीत. सीट पुढे उतरती असेल आणि तुम्ही सारखे टाकीवर घसरत असाल, तर दोष हँडलचा नाहीच. आणि घरी येऊन झोपलात तरी मुंग्या जात नसतील, तर माझ्याकडे नाही, डॉक्टरांकडे जा.

आता मोजमाप. गाडी मधल्या स्टँडवर लावा, नेहमीचं जॅकेट घाला, बसा, डोळे मिटा, खांदे सैल सोडा. फरशी पुसायच्या मॉपचा दांडा दोन्ही हातांत आडवा धरा आणि जिथे बरं वाटेल तिथे थांबा. मुलाला सांगा टेप लावायला : जुन्या मुठीपासून दांडा किती वर, किती मागे. मी हा खेळ बऱ्याच जणांशी खेळलोय. चार इंच मागणाऱ्याचा दांडा बहुतेक वेळा इंच-दीड इंच वर आणि तेवढाच मागे थांबतो. म्हणजे त्याला उंची नको असते, हँडल जवळ हवं असतं.

तेवढ्यासाठी आधी रायझर बघा, म्हणजे हँडलखाली बसवून ते उचलणारा धातूचा तुकडा. फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्या, तिरका असतो; म्हणून फोर्कच्या रेषेत एक इंच रायझर चढवला की हँडल जवळजवळ अर्धा इंच मागेही येतं. त्याहून जास्त लागलं तरच नवीन हँडल घ्या, आणि दुकानात चार गोष्टी विचारा : उंची, रुंदी, मागे किती वळलंय आणि क्लॅम्पच्या जागी, म्हणजे हँडल गाडीला आवळलं जातं तिथे, जाडी किती. जाडी २२ मिलिमीटर की २८, हे जुन्यावर व्हर्निअर (जाडी मोजायची पट्टी) लावूनच ठरवा. डोळ्यांचा अंदाज इथे फसतो. स्विचच्या घरात आतून एक छोटी खुंटी असते, तिच्यासाठी हँडलला भोक लागतं. खुंटी कापून टाकणारा मिस्त्री दिसला तर किल्ली परत मागा. पुढे स्विच हँडलवर गरागरा फिरतो.

बसवल्यावर इंजिन चालू ठेवून हँडल डावीकडे पूर्ण, मग उजवीकडे पूर्ण वळवा. रेस तिळभर बदलली, क्लच घट्ट लागला किंवा ब्रेकचा पाइप तारेसारखा ताठ झाला, तर लांब केबल-पाइप घ्यायचेच. पाइप बदलला की ब्रेकच्या पाइपातली हवा काढावी लागते, आणि हँडलवरचा ब्रेक-ऑइलचा डबा सपाट राहायला हवा. खर्च इथे असतो, हँडलमध्ये नाही. मूठ टाकीला लागून अंगठा चेमटत नाही ना, तेही बघा.

चार इंचांच्या हौसेवर थोडं पाणी ओततो. माणूस ताठ बसला की वारा थेट छातीवर. समृद्धीवर दुचाकींना बंदीच आहे, पण सिन्नरच्या माळावर ऐंशीच्या स्पीडला तोच वारा अंग मागे ढकलतो, हात ताणले जातात आणि मान पुन्हा दुखते.

जुनं हँडल भंगारात देऊ नका. गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवा. गाडी विकायला काढलीत की गिऱ्हाईक तेच मागतं.