हैती समजून घ्यायचाय? आधी दाराबाहेर थांबायला शिक

भूकंप, टोळ्या आणि टाचण्या टोचलेली बाहुली, एवढ्यावर हैती कळला असं धरून बसू नकोस. मीही तिथूनच सुरुवात केली होती.

आधी क्रेयोल शीक, फ्रेंच नंतर. घराघरांत क्रेयोलच बोलतात. १९८७च्या संविधानाने तिला राजभाषेचा दर्जाही दिला. खेड्यात कुणाकडे गेलास तर थेट आत शिरू नकोस. बाहेरून 'ओने' म्हणायचं, म्हणजे मान. आतून 'रेस्पे' असं उत्तर आलं की मग पाऊल टाकायचं. गोष्टीचंही तसंच. सांगणारा 'क्रिक?' विचारतो, ऐकणारे 'क्राक!' म्हणतात, तेव्हा कुठे ती सुरू होते.

१ जानेवारीला कुणी 'सूप जूमू' प्यायला बोलावलं तर जाच. भोपळ्याचं सूप. गुलामांनी रांधायचं आणि मालकांनी प्यायचं, अशी त्याची कहाणी सांगतात. १८०४मध्ये याच दिवशी देश फ्रान्सपासून स्वतंत्र झाला, म्हणून आता घरोघरी शिजतं. २०२१मध्ये युनेस्कोच्या यादीतही गेलं. (एरवी जेवणात 'पिकलीझ' मागून घे. कोबी-गाजराचं ते झणझणीत लोणचं आपल्याला मानवतं.)

'कोन्बित' समजायला आपल्याला फार वेळ लागू नये: आपली इर्जिकच ती, म्हणजे सगळ्यांनी मिळून एकमेकांच्या शेतात राबायचं, ढोल आणि गाण्यांसकट.

वोदूबद्दल पहिल्याच भेटीत विचारू नकोस; तो लोकांचा धर्म आहे. आणि गरिबीवर बोलायची खुमखुमी आलीच, तर १८२५मध्ये फ्रान्सने स्वातंत्र्य मान्य करण्यासाठी मागितलेल्या १५ कोटी फ्रँकबद्दल आधी वाच.