'इनोव्हेशन'ला मराठीत काय म्हणावं?

विचारणा अशी आहे: टेड या व्याख्यानमंचावरच्या भाषणांना मराठी उपशीर्षकं देताना 'इनोव्हेशन' हा शब्द वारंवार येतो. त्याला शोध म्हणावं, नवोन्मेष म्हणावं, की सरकारी कागदांवरची नाविन्यता?

'नाविन्यता' आधी बाजूला काढू. राज्य सरकारच्या 'कौशल्य, रोजगार, उद्योजकता व नाविन्यता' विभागामुळे तो कानावर पडतो, पण त्याची घडणच चुकली आहे. नवीनपासून नावीन्य होतं, 'वी' दीर्घ. भाव दाखवणारा प्रत्यय तिथे लागलेलाच आहे. त्यावर आणखी 'ता' म्हणजे सौंदर्यता, औदार्यता यांच्याच पंगतीत बसणं. शिवाय नावीन्य हा नुसता गुण आहे. कुणी काहीतरी घडवलं, हे त्यात येत नाही. 'नवाचार' हिंदीत चालतो. आपल्याकडे 'आचार' म्हटलं की वागणूकच आठवते.

'शोध' रुळलेला आहे खरा, पण त्याचा पसारा मोठा. शोध घेतला म्हणजे धुंडाळलं, शोध लागला म्हणजे सापडलं, आणि शोध लावला तर गुरुत्वाकर्षणाचाही लावता येतो, टेलिफोनचाही. इनोव्हेशनमध्ये मात्र बऱ्याचदा वस्तू आधीपासून असते. जयपूर फूट घ्या. कृत्रिम पाय काही नवे नव्हते. पण तेव्हा मिळणारा पाय बूट चढवून वापरायचा, घोट्यात धड वाकायचा नाही. मांडी घालून जेवणाऱ्या, अनवाणी शेतात उतरणाऱ्या माणसाला तो काय कामाचा? कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी १९६८ मध्ये रबराचा पाय घडवला. त्यावर उकिडवं बसता येतं, चिखलातून चालता येतं. याला शोध म्हटलं तर नेमकं महत्त्वाचं तेच निसटतं.

म्हणून माझं मत 'नवोन्मेष'ला. उन्मेष म्हणजे डोळा उघडणं, त्याच्या उलट निमेष. संस्कृत काव्यशास्त्रातल्या अभिनवगुप्ताचे गुरू भट्टतौत यांची प्रतिभेची व्याख्याच 'प्रज्ञा नवनवोन्मेषशालिनी' अशी आहे, आणि ज्ञानेश्वरीच्या आरंभीच्या गणेशवंदनात 'उन्मेषसूक्ष्मेक्षणु विघ्नराजु' येतं. गणेशाचे बारीक डोळे म्हणजे उन्मेष. ज्याच्याकडे सगळे रोज बघतात तेच कुणालातरी वेगळं दिसतं, हा अर्थ या शब्दात मुळातच आहे. मला तो फार आवडतो.

पण तो मथळ्यात आणि तत्त्व सांगताना. 'शर्मांनी नवोन्मेष केला' असं मराठी माणूस बोलणार नाही. बोलण्यात आपण क्रियापदावर भर देतो: युक्ती काढली, शक्कल लढवली, नवी पद्धत बसवली, पाय घडवला. उपशीर्षक क्षणभरच पडद्यावर असतं, तिथे हेच पटकन वाचून होतं.

मूळचे गोव्यातल्या माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर टेडवरच्या भाषणात 'मोअर फ्रॉम लेस फॉर मोअर' म्हणतात. तिथे 'संसाधनांच्या न्यूनतम वापरातून अधिकतम लाभ' असलं काही लिहू नका. 'थोडक्यातून जास्त, जास्त जणांसाठी' पुरे. मूळ वाक्याचा ठेकाही राहतो.

आणि 'इनोव्हेटर'साठी 'नवोन्मेषक' कशाला? कल्पक माणूस, कल्पक कारागीर म्हणा. नेमक्या याच अर्थाचा शब्द आपल्या बोलण्यात आहे.