लिंक्डइनवर शंभर अर्ज, उत्तर एकाचंही नाही

प्रश्न : बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात सहा वर्षं सीएनसी (संगणकाच्या आज्ञांवर चालणाऱ्या यंत्रांचा) विभाग सांभाळतो आहे. लिंक्डइनवरून चार महिन्यांत शंभरावर अर्ज केले, मुलाखतीला एकदाही बोलावणं आलं नाही. काय चुकतंय?
— एक वाचक, मांजलपूर

उत्तर : अर्ज जरा बाजूला ठेवा आणि आधी प्रोफाइल बघा. भरती करणारा माणूस पुष्कळदा अर्जांचा ढीग उपसण्याआधी स्वतःच शोध घेतो. शोधाच्या चौकटीत तो पदाचं नाव, यंत्राचं किंवा सॉफ्टवेअरचं नाव आणि गाव टाकतो. हे शब्द तुमच्या प्रोफाइलवर नसतील, तर सहा वर्षांचा अनुभव असूनही तुम्ही त्याला दिसणार नाही.

नावाखालच्या हेडलाइनला 220 अक्षरांची जागा असते. बहुतेक जण तिथे ‘इंजिनियर, अमुक कंपनी’ एवढंच लिहून सोडून देतात. त्याऐवजी ‘सीएनसी-व्हीएमसी प्रॉडक्शन इंजिनियर, फॅनक प्रोग्रामिंग, फिक्स्चर डिझाइन, बडोदे’ असं लिहा. अर्थात इंग्रजीत, कारण शोध इंग्रजीतच होतो. नेमके शब्द कोणते घ्यायचे हे जाहिरातीच सांगतात. तुम्हाला हव्या असलेल्या पदाच्या दहा जाहिराती उघडा, त्यांत पुन्हा पुन्हा येणारे शब्द कागदावर उतरवा आणि त्यातलं जे खरोखर येतं तेच हेडलाइन, अनुभव आणि स्किल्स या तिन्ही ठिकाणी घाला. न येणारं घातलंत तर मुलाखतीत पहिल्या पाच मिनिटांत उघडं पडेल.

अनुभवाच्या रकान्यात ‘प्रॉडक्शनची जबाबदारी’ असं मोघम लिहू नका. किती मशिनं, किती माणसं, कोणता धातू, किती मायक्रॉनचा टॉलरन्स (मापात चालणारा फरक) हे येऊ द्या. सेटअपचा वेळ 40 मिनिटांवरून 25 वर आणला असेल तर तो आकडा लिहा, आणि तो कसा आणला हे सांगायची तयारी ठेवा. मात्र ग्राहक कंपनीचं ड्रॉइंग किंवा शॉपफ्लोअरचे फोटो टाकू नका. गुप्ततेचा करार मोडला तर आहे ती नोकरीही जाऊ शकते.

आता अर्जांचं. लिंक्डइनवरच्या ‘ईझी अप्लाय’ बटणाने अर्ज दोन मिनिटांत होतो, म्हणूनच तिथे गर्दी उसळते. तुमचे शंभर अर्ज बहुधा याच गर्दीत अडकले असावेत. शोधताना ‘गेल्या 24 तासांत’ हा फिल्टर लावा आणि त्याच शोधाचा जॉब अलर्ट (नवी जागा निघाली की येणारी सूचना) चालू करा. गावाच्या जागी नुसतं बडोदे टाकून भागत नाही. हालोल, सावली, वाघोडिया इथल्या जागा पुष्कळदा त्या त्या गावाच्या नावावर निघतात, तेव्हा प्रत्येकाचा अलर्ट वेगळा लावा. जाहिरात कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर नेत असेल तर कंटाळा न करता तो लांबलचक अर्ज भरा. बरेच जण तिथूनच मागे फिरतात. आणि कंपनीत आतलं कोणी रेफरल, म्हणजे तुमच्या नावाची शिफारस, देणारं असेल, तर ते अर्ज करण्याआधी विचारा. अनेक कंपन्यांत एकदा अर्ज नोंदला गेला की त्यावर मागाहून रेफरल चढत नाही.

प्रश्न : कलाभवनातून गेल्या वर्षी इलेक्ट्रिकलमध्ये बी.ई. झाले. अनोळखी लोकांना ‘सर, नोकरीसाठी मदत करा’ असं लिहिते, पण कोणी उत्तर देत नाही. आता लिहायचाच संकोच वाटतो.
— एक वाचक, दांडिया बाजार

उत्तर : संकोच सोडा, फक्त विचारणं बदला. ‘मदत करा’ या संदेशाला काय उत्तर द्यायचं हेच समोरच्याला कळत नाही. तुमच्या हाताशी मोठी शिदोरी आहे. कलाभवन ज्याचा भाग आहे त्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचं पान लिंक्डइनवर उघडा आणि ‘अॅलम्नाय’ (माजी विद्यार्थी) विभागात जा. तिथे गाव, कंपनी आणि कामाचं क्षेत्र निवडता येतं. बडोद्याच्या आसपास ट्रान्सफॉर्मर आणि स्विचगिअरचे कारखाने पुष्कळ आहेत. तिथे काम करणारे तुमच्याच विद्याशाखेचे लोक सापडतील. अगदी वरिष्ठांपेक्षा तीन ते सहा वर्षं पुढे असलेल्यांना आधी गाठा. त्यांना कॅम्पसनंतरची धडपड ताजी आठवते.

जोडणीच्या विनंतीसोबतची चिठ्ठी 200 अक्षरांच्या आत बसवा. उदाहरणार्थ : ‘नमस्कार सर, मी कलाभवनची, इलेक्ट्रिकल. आपण ट्रान्सफॉर्मर टेस्टिंगमध्ये आहात. या कामाला फ्रेशर घेताना कंपनी काय पाहते, हे विचारायचं होतं.’ याचं उत्तर दोन ओळींत देता येतं, म्हणून ते येण्याची शक्यता वाढते. प्रोफाइलच्या भाषांमध्ये मराठी दिसली तर खुशाल मराठीत लिहा. तुमच्या भाषांच्या रकान्यातही मराठी, गुजराती, हिंदी, इंग्रजी चारही नोंदवा. इथल्या शॉपफ्लोअरवर गुजराती लागते आणि पुण्याच्या जागेला मराठी कामी येते. मोफत खात्यावर अशा चिठ्ठ्या महिन्याला मोजक्याच मिळतात. त्या संपल्या तर नुसती विनंती पाठवा आणि ती स्वीकारली गेली की संदेश लिहा.

रेफरल मागायचं ते थोडं बोलणं झाल्यावर. तेव्हा जाहिरातीची लिंक, एका पानाचा पीडीएफ बायोडेटा आणि त्या जागेला तुम्ही का बसता याच्या तीन ओळी एकाच संदेशात द्या, म्हणजे त्यांना ते जसंच्या तसं पुढे पाठवता येईल. आठवड्याने एकदा आठवण करा. तिसरा संदेश नको.

प्रश्न : लिंक्डइनवर ‘ओपन टू वर्क’ (नोकरी शोधतो आहे अशी खूण) लावलं तर आत्ताच्या साहेबांना कळेल का?

उत्तर : फोटोभोवतीची हिरवी चौकट लावली तर सगळ्यांनाच दिसेल. ‘फक्त रिक्रूटरना’ (भरती करणाऱ्यांना) हा पर्याय निवडा. त्यात तुमच्या कंपनीच्या रिक्रूटरपासून ते लपवण्याचा प्रयत्न होतो, पण पूर्ण गुप्ततेची हमी लिंक्डइनही देत नाही. शिवाय प्रोफाइल बदलण्याआधी सेटिंगमधलं ‘बदल नेटवर्कला कळवा’ हे बटण बंद करा. एका रात्रीत पाच बदल झालेले दिसले की ऑफिसात कुजबुज सुरू होते.

प्रश्न : लिंक्डइनवर ओळख झालेल्या ‘एचआर’ने टेलिग्रामवर बोलावून ऑफर लेटर दिलं. आता लॅपटॉपसाठी परत मिळणारी अनामत रक्कम मागतात. भरावी का?

उत्तर : एक रुपयाही भरू नका. मुलाखत न घेता ऑफर, टेलिग्रामवर बोलणं आणि पैशांची मागणी एकत्र आली की ती फसवणूकच. आधार, पॅन किंवा बँकेचे तपशील दिले असतील तर आजच बँकेला कळवा. त्या प्रोफाइलची लिंक्डइनवर तक्रार करा, पण त्याआधी सगळ्या संभाषणाचे स्क्रीनशॉट घ्या. आधीच काही रक्कम गेली असेल तर 1930 या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा आणि व्यवहार क्रमांक हाताशी ठेवा. पैसे पुढच्या खात्यांत सरकण्याआधी ते गोठवण्याची शक्यता सुरुवातीच्या काही तासांतच जास्त असते.