घरातला टेबल लॅम्प बोटीच्या १२ व्होल्ट बॅटरीवर चालेल का?

चालेल. लॅम्प तोच ठेवा, फक्त बल्ब आणि प्लग बदला. घरच्याच बी२२ (दोन खुंट्यांच्या) किंवा ई२७ (आट्यांच्या) होल्डरात बसणारे १२ व्होल्ट डीसी एलईडी बल्ब मिळतात. त्यावर १०–३० व्होल्ट अशी रेंज छापलेली असेल तोच घ्या. इंजिन चालू असताना चार्जिंगचा दाब १४.४ व्होल्टपर्यंत जातो आणि नुसत्या ‘१२ व्होल्ट’वाले स्वस्त बल्ब तिथेच मरतात.

७ वॅटचा बल्ब जेमतेम ०.६ अँपिअर खेचतो, म्हणून लॅम्पची मूळ वायर पुरते. बॅटरीपासून सॉकेटपर्यंत मात्र १.५ चौ. मिमी टिनचा मुलामा असलेली तांब्याची वायर टाका. प्लसमध्ये, बॅटरीलगत ३ अँपिअरचा फ्यूज हवाच. स्विचही प्लसमध्येच.

बी२२मध्ये प्लस-मायनस ठरलेलं नसतं. बल्ब लागला नाही तर अर्धा फिरवून बसवा. खाऱ्या हवेत होल्डरच्या स्प्रिंगा गंजतात, थोडं व्हॅसलीन लावा. बल्ब लावल्यावर बोटीच्या व्हीएचएफ रेडिओवर खरखर आली तर बल्बच बदला.

जुना तीन पिनांचा प्लग कापून टाकाच. कुणी तो लॅम्प घरी २३० व्होल्टला लावला तर बल्ब फुटेल.