रोज रनच्या शेवटी ताबाता करावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: हाफ मॅरेथॉन 2 तास 8 मिनिटांत होते, आठवड्यातून पाच दिवस पळता, सगळे रन किलोमीटरला 6:15 मिनिटांच्या आसपासच्या पेसने. आता जानेवारीतल्या मुंबई हाफ मॅरेथॉनसाठी रोजच्या रनच्या शेवटी 4 मिनिटांचं ताबाता (20 सेकंद पूर्ण जोर, 10 सेकंद विश्रांती, असे 8 फेरे) जोडायचंय. स्प्रिंट जरूर जोडा. पण रोज नको, आणि रनच्या शेवटी तर नकोच.

आधी हिशेब बघा. 2:08 म्हणजे किलोमीटरला 6:04. तुमचा रोजचा ‘साधा’ रन रेसच्या पेसपेक्षा जेमतेम 10 सेकंद हळू आहे, म्हणजे पाय कधी ताजे होतच नाहीत. अशा पायांवर मारलेली स्प्रिंट ही नुसती धापा टाकत केलेली पळापळ होते. म्हणून पहिला बदल इझी रनमध्ये करा: 7:00 ते 7:30. शेजारच्याशी न अडखळता पूर्ण वाक्यं बोलता आली पाहिजेत. चढावर धाप लागली तर चाला. पहिले दोन आठवडे हे फार हळू वाटेल, तरी धीर धरा.

ताबाताबद्दल एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. 1996 चा तो जपानी प्रयोग सायकलवर झाला होता. 20 सेकंद जोर, 10 सेकंद विश्रांती, असे 7-8 फेरे, आणि पेडलची गती मिनिटाला 85 फेऱ्यांच्या खाली गेली की थांबायचं. शिवाय आठवड्यातल्या पाच दिवसांपैकी एक दिवस 30 मिनिटांची मध्यम जोराची सायकलिंगही होती. सायकलवर पाय थकले की गती पडते, एवढंच. पळताना थकलेला पाय प्रत्येक पावलाला शरीराचं वजन झेलत असतो, आणि 10 सेकंदांत तो सावरत नाही. हॅमस्ट्रिंग (मांडीच्या मागचा स्नायू) दुखावते ती इथेच.

पळणाऱ्यासाठी सुरुवात चढावरून करावी. साधारण 6-8 टक्के चढ, माती किंवा जुना डांबरी रस्ता. 15 मिनिटं हळू जॉग (डिसेंबरातल्या पुण्याच्या थंडीत 20), मग सपाटीवर 15-15 सेकंदांचे तीन वाढत्या वेगाचे रन. त्यानंतर चढावर 8-10 सेकंद पूर्ण ताकदीनं, चालत खाली, एकूण 2-3 मिनिटं विश्रांती. पहिल्या आठवड्यात 4, मग दर आठवड्याला एक वाढवत चौथ्या आठवड्यात 7 पर्यंत. चढावर पाऊल आखूड पडतं, आपटणं कमी होतं, वेगही मर्यादित राहतो, त्यामुळे हॅमस्ट्रिंगवर ताण कमी येतो.

पाचव्या आठवड्यापासून मैदानावर 30 सेकंदांच्या स्प्रिंट: आधी 4, पुढे जास्तीत जास्त 6. मधे 3-4 मिनिटं चाला. ही विश्रांती कापू नका. जोरासाठी लागणारं स्नायूंमधलं क्रिएटिन फॉस्फेट भरून यायला तेवढा वेळ लागतोच. पहिले 3-4 सेकंद वेग हळूहळू वाढवा आणि शेवटी एकदम ब्रेक मारू नका.

इथे घड्याळाच्या पेसवर विसंबू नका. जीपीएस आणि मनगटावरचे ठोके, दोन्ही इतक्या कमी वेळात मागे पडतात. त्यापेक्षा पहिली स्प्रिंट जिथे संपली तिथे चपला किंवा पाण्याची बाटली ठेवा. समजा 150 मीटर झाले. एखादी स्प्रिंट त्या बाटलीच्या 15 मीटर अलीकडे संपली, की त्या दिवसाचं काम झालं, मग ती तिसरी का असेना. फेरे पूर्ण करण्याचा हट्ट हीच सगळ्यात मोठी चूक.

स्प्रिंट संपल्यावर 5 मिनिटं चाला आणि मग 25-30 मिनिटं इझी पळा. जोरात पळताना स्नायूंत तयार झालेलं लॅक्टेट हृदय आणि संथ स्नायूतंतू इंधन म्हणून वापरतात, त्याला ‘घाण’ समजायचं कारण नाही. शिवाय जोरकस कामात ग्लायकोजेन (स्नायूंमधली साठवलेली साखर) काही प्रमाणात वापरलं गेल्यानंतरचं हे संथ पळणं दमाच्या क्षमतेसाठी उपयोगी ठरू शकतं. हा क्रम उलटा केला तर स्प्रिंटही वाया आणि दुखापतीचा धोकाही.

आठवडा असा बसवा: मंगळवारी स्प्रिंट आणि इझी, बुधवारी इझी 40 मिनिटं, शुक्रवारी 50 मिनिटं (सहाव्या आठवड्यापासून त्यातली मधली 20 रेसच्या पेसने), शनिवारी 30, रविवारी लाँग रन 90 ते 120 मिनिटं. सोमवार, गुरुवार सुट्टी. स्प्रिंट आठवड्यातून एकदाच.

पळताना मांडीच्या मागे चमक आली तर लगेच थांबा, ताणून बघू नका, चालत घरी जा. छातीत दुखणं, चक्कर किंवा घरात हृदयरोगाचा इतिहास असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा, मगच स्प्रिंट.

रेसच्या दोन आठवडे आधी फेरे निम्मे करा. शेवटच्या आठवड्यात फक्त 15 सेकंदांचे 4 मोकळे रन, तेही मंगळवारी.