मॅलम्यूट आणताय? आधी हे वाचा

पिल्लू बघून भुललात ना? मीही तसाच भुललो होतो. पण हा कुत्रा अलास्कात जड ओझी ओढण्यासाठी घडला आहे. पूर्ण वाढलेला नर साधारण 38 किलोचा भरतो आणि ओढणं त्याच्या रक्तातच असतं. माझ्या पहिल्याने मांजर दिसताच मला फरफटत थेट चिखलात नेलं; दोरीचा वळ हातावर आठवडाभर होता. म्हणून दोरी सैल ठेवून चालायची सवय तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच लावा. नंतर ताकदीत तुम्ही हरणार.

केसांचं म्हणाल, तर वर्षातून साधारण दोनदा आतली लोकर पुंजक्यांनी सुटते. तेव्हा रोज विंचरा, पण नुसता वरून ब्रश फिरवू नका. केस बोटांनी फाकवून कातडी दिसेपर्यंत जा, कानामागे आणि मांड्यांच्या मागे तर नक्कीच. गुंते तिथेच दडतात. आंघोळीनंतर मुळापर्यंत वाळवा, नाहीतर खाली ओल राहून जखमा होतात. उन्हाळा आला म्हणून मुंडण मात्र करू नका! तोच केसांचा थर उन्हापासूनही वाचवतो, आणि काढल्यावर पूर्वीसारखा येईलच असं नाही. फिरणं पहाटे किंवा रात्री.

डोळ्यांभोवती, तोंडाभोवती खपल्या दिसल्या तर अंगात झिंक (जस्त) कमी पडतंय का, ते डॉक्टरांना विचारा. मनाने गोळ्या देऊ नका. आणि खुब्याच्या सांध्याचा दोष आईबापांकडून पिल्लात उतरू शकतो, म्हणून पिल्लू घेण्याआधी आईबापांच्या खुब्यांचे एक्स-रे मागा. विकणारा टाळाटाळ करू लागला, तर सरळ दुसरीकडे बघा.